मागावर विणलेली गाडी

दुपारी जेवून जरा आडवा झालो, डोळा लागतो न लागतो तोच मला दोन आवाज ऐकू येतात. एक खटक-खटक, तो मागाचा. दुसरा लांबून येणारा, चढत जाणारा आणि वळणावर एकदम खाली बसणारा. तो गाडीचा. दोन्ही आता माझ्या आसपास कुठंच नाहीत. तरी येतात, आणि खरं सांगायचं तर ते यावेत म्हणूनच मी आडवा होतो. बायको कानडीतलं ‘अहो’ लावून म्हणते, "री, कान गेलेत तुमचे, दुसरं काय न्हाय." कान गेलेत हे खरंच आहे. उभी उमर पॉवरलूमच्या शेडमध्ये काढल्यावर कुणाचे राहतात?

मी जॉबर होतो. माग चालवतो तो विणकर. माग बिघडला की ज्याच्या नावानं शंख होतो आणि नीट चालला की ज्याची कुणाला आठवणही येत नाही, तो जॉबर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नारायणशेठच्या शेडमध्ये मी टॉवेल-चादरींचे माग सांभाळले. मी मंद्रूपचा, घरात कानडी, बाहेर मराठी. शेठ तेलुगू, विणकराच्या घरातले. मालक झाले तरी कोपऱ्यातला एक जुना, आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याचा माग त्यांनी स्वतःसाठी राखला होता. सकाळी त्यावर घटकाभर विणल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

असला माणूस शर्यतीच्या गाडीबद्दल काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण ती गाडी आमच्या शेडमध्ये विणली. होय, विणलीच. छापणाऱ्यांनो, शब्द बदलू नका.

शेठची एकुलती एक मुलगी लावण्या. इंजिनियर झाली, परदेशात शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांकडं काही वर्षं काम केलं आणि एक दिवस परत येऊन म्हणाली, आता आपली गाडी सोलापुरात बनवायची. मी तिला फ्रॉकात धोट्यांशी खेळताना बघितलेलं. शेडच्या मागच्या मोकळ्या खोलीत तिनं जमिनीवर खडूनं गाडी काढली, खरी असते तेवढीच, आणि त्या चित्रात मधोमध मांडी घालून बसली.

"बसूकाका, ह्याला प्रोटोटाइप म्हणतात. शोरूमात मिळत नाही. फक्त शर्यतीसाठीच बनवतात."

"आणि किती पळती?"

"किती पळती ते महत्त्वाचं नाही. आपली शर्यत सहा तासांची. एक फेरी कोण जोरात मारतो त्याला किंमत नाही. सहा तासांत सगळ्यात जास्त फेऱ्या कोण मारतो, ते बघतात. चालक बदलतात, टायर बदलतात, गाडी तीच."

"म्हंजे आपल्या मागासारखंच की," मी म्हणालो. "एक मीटर जोरात विणून काय उपेग? पाळीच्या शेवटी किती कापड उतरलं ते बघायचं."

ती हसली. तेव्हापासून मी त्या गाडीचा झालो. म्हणजे मला कुणी विचारलं नाही, मीच झालो.

इंजिन मोटारसायकलचं होतं. ते इरफानभाईनं आणलं. त्याचं विजापूर वेशीत गॅरेज, पूर्वी रॅलीत गाडी चालवलेला माणूस, तोंडात सारखं गाणं. दोन चालकांपैकी तो एक. दुसरी कोण, हे लावण्यानं सांगितलं तेव्हा शेठच्या हातातली चहाची बशी तोंडापर्यंत पोचलीच नाही.

"गाडी बनव की," शेठ म्हणाले. "चालवायला दुसरा माणूस बघ." बाप-लेक आपसात तेलुगूतच बोलायचे. मी मराठी करून लिहितोय.

"मीच चालवणार, बापू."

बरेच दिवस घरात अबोला. मग शेठ स्वतःच मागच्या खोलीत आले. चालक ज्यात बसतो त्या सांगाड्याला टब म्हणतात. कार्बनचं कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसवायचे आणि भट्टीत शेकायचे. तयार झाला की दोन माणसं सहज उचलतील इतका हलका, आणि धडक बसली तर चालकाला वाचवणारा तोच. एवढं सगळं शेठनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. ते कापड बाहेरून तयार येणार होतं.

"कापड बाहेरून?" शेठ म्हणाले. "माझी पोरगी ज्यात बसणार त्याचं कापड बाहेरून? विणीन तर मी विणीन. नायतर गाडीचं नाव काढू नको."

झालं! कार्बनची रिळं आली. काळी, चकचकीत, हातात घेतली तर वजन लागेना. केसाहून बारीक तंतूंची चपटी लट. सुताला थोडं ओढलं तरी सूत ऐकून घेतं. हे ऐकून घेत नाही, मोडतं, आणि मोडलं की काळी रुई उडते. आमच्या शेडमध्ये पांढरी रुई उडत असते, उन्हाच्या तिरिपेत ती तरंगताना बघत मी कितीतरी दुपारी घालवल्यात. ह्या काळ्या रुईचं तसं नाही. कार्बनमधून वीज वाहते, हे लावण्यानं सांगितलं होतं. पण ती रुई अशी दारं-खिडक्यांतून फिरत जाऊन पलीकडच्या मोटारीत शिरेल, हे तिच्याही डोक्यात नव्हतं. धडाम्! अर्धी शेड बंद. सगळे विणकर माझ्याकडं असे बघायला लागले, जणू त्यांच्या पोराच्या लग्नात मीच वीज घालवली.

मग शेठचा जुना माग आम्ही मागच्या खोलीच्या दारापर्यंत सरकवला, तिन्ही बाजूंनी ओल्या चादरी टांगल्या, मोटार बाहेर काढून पट्ट्यानं जोडली. लावण्या आणि मी मिळून त्या मागाची चाल निम्म्यानं कमी केली, जिथं जिथं लट घासते तिथं काचेच्या गुळगुळीत कड्या बसवल्या. ओल्या चादरींच्या आत शेठ विणत बसायचे. आत अंधुक, गार, चादरींतून पाणी ठिबकतंय, आणि मागातून काळं पाणी वाहावं तसं ते कापड हळूहळू खाली उतरतंय. मी काही काम नसतानाही आत जाऊन उभा राहायचो. एवढं सावकाश चालणारं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आता शेठच्या घराची एक रीत सांगतो. घरच्या माणसासाठी काही विणलं, बाळाचं दुपटं असो की लग्नाचं उपरणं, तर त्यात एक दोरा हळदीचा. सुती दोरा वाटीत हळद आणि थेंबभर तेलात बुडवायचा आणि आडव्या विणीत घालायचा. घरच्या माणसाला जपण्यासाठी. बाजारच्या मालात नाही, फक्त घरच्या. आणि ही तर पोरगी वाऱ्यासारखी पळणार, म्हणून शेठनी एका दोऱ्यावर भागवलं नाही. दर हातभर अंतरावर एकेक घालत गेले. काळ्या कापडात पिवळी रेघ. कसलं देखणं दिसत होतं सांगू!

लावण्यानं ती रेघ पाहिली होती. पण बाहेरच्या कार्बन कापडातही दिशा कळावी म्हणून रंगीत धागा असतो. तसलाच, तिला वाटलं. बापानं खूण घातलीय. थर बसले, रंगखान्यातली टॉवेल वाळवायची खोली आम्ही भट्टी म्हणून वापरली, टब साच्यातून निघाला. सगळ्या शेडनं येऊन हात लावून बघितला. शेठनी नारळ फोडला.

मग लावण्यानं त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांची पाटी करून ती वाकवून बघितली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे थर सुटले. बरोबर पिवळ्या रेघेवर. सुती दोऱ्यात ओल, त्यात हळद, त्यात तेल. रेझिन तिथं धरलंच नव्हतं. आणि टबात तर अशा रेघा वरपासून खालपर्यंत होत्या.

दोन दिवस ती तसलेच तुकडे वाकवून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आली. शेठ तेव्हा टॉवेलच्या मागांमध्ये उभे होते, सगळे माग चालू. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही शेडवाले ओठ वाचतो. बोलणारा आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवतो. लावण्याही त्यातच वाढलेली. मागाच्या ह्या बाजूला ती, त्या बाजूला बाप, आणि ती नुसत्या ओठांनी सांगू लागली: दोऱ्यामुळं थर सुटतायत, बापू. टब टाकून द्यावा लागेल. परत विणावं लागेल, दोरा न घालता.

तिला वाटलं, एवढ्या आवाजात ही गोष्ट दोघांतच राहील. पण तिथं प्रत्येकजण ओठ वाचणारा. एकाही मागाची खटखट थांबली नाही, तरी सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. शेठनी एकच शब्द ओठांवर आणला, "न्हाय." आणि निघून गेले.

आठवडाभर शेडकडं फिरकले नाहीत. मी घरी गेलो तर गच्चीत एकटेच बसलेले.

"बसू," ते म्हणाले, "तू सांग. माझ्या बापानं, त्याच्या बापानं दोरा सोडला न्हाय. लावण्याच्या आईच्या शेवटच्या लुगड्यातबी मी घातला. आता ह्या एकाच कापडात सोडू? ज्यात खरी गरज हाय त्यातच?"

मी म्हणालो, "शेठ, मला नट आवळायला सांगा. हे मला न्हाय कळत." आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. "ती पाटी दाखव," लावण्याला म्हणाले. तिनं मोडलेली दिली नाही, दुसरी, न वाकवलेली दिली. शेठनी पिवळ्या रेघेवर अंगठ्याचं नख लावलं आणि हळूच ढकललं. थर उघडला. आणखी ढकललं, आणखी उघडला. टॉवेलची कड तपासतात तसं ते रेघेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग पाटी खाली ठेवली आणि अंगठा बघितला. अंगठा पिवळा झाला होता.

"बसू, मागावर परत ताणा चढव," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी रोज त्यांच्याजवळ बसलो. हातभर विणून झालं की त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला जायचा, वाटीच्या जागी. वाटी नव्हती. हात तिथं क्षणभर थांबायचा आणि परत यायचा. कापड संपेपर्यंत हे असंच चाललं.

शेवटचा तुकडा उतरवून त्यांनी तो लावण्याच्या हातात दिला. "कापड दिलं," म्हणाले. "बसायचं का न्हाय, ते मला इचारू नको. मी व्हय म्हणणार न्हाय."

पहिला टब शेडमागं टाकला. त्यात आता दरसाल मांजर वितं.

गाडी उभी राहिली तेव्हा पळवायची कुठं हा प्रश्न. अकलूजकडं एका साखर कारखान्यात इरफानभाईच्या ओळखीचे होते. उन्हाळ्यात ऊस संपला की कारखाना बंद पडतो आणि बैलगाड्या-ट्रॅक्टर उभे करायचा भला मोठा काँक्रीटचा तळ मोकळा राहतो. तिथं आम्ही उसाच्या चिपाडांच्या गासड्या मांडून वळणं केली. सगळीकडं मळीचा गोडसर आंबूस वास, वर घारी, आणि त्या मोठ्या शांततेत आमची काळी, चपटी गाडी गोल गोल फिरतेय. ऊन इतकं की लांबची गाडी जमिनीला टेकलेलीच दिसायची नाही. गासडीला टेकून बघता बघता मला झोप लागायची, आणि झोपेतही गाडी फिरतच असायची. नक्की किती फेऱ्या मी जागेपणी बघितल्या आणि किती झोपेत, ते मला सांगता येणार नाही.

आसपासचे शेतकरी बघायला यायचे. एकानं गाडीला पुढून मागून न्याहाळलं आणि मला विचारलं, "पावनं, ह्याला ट्रॉली कुटं लागती?"

"लागत न्हाय."

"मग वढतंय काय?"

"काय न्हाय. नुसतं पळतंय."

"आणि परत हितंच येतंय?"

"हितंच येतंय."

त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "बरं हाय बाबा तुमचं," म्हणाला आणि गेला.

शेठ एकदाच आले. डबा घेऊन आले, गाडीकडं पाठ करून गासडीवर बसले आणि आवाज ऐकत राहिले. लावण्या हेल्मेट काढून आली तेव्हा तिला जेवायला वाढलं आणि गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. परतताना ती माझ्याशेजारी टेम्पोत बसली होती. म्हणाली, "काका, बक्षीसबिक्षीस गेलं खड्ड्यात. मला एवढंच पाहिजे की त्यांनी एकदा तोंडानं जा म्हणावं. आमच्या घरात मला कधी काही बापूंना न विचारता करावं लागलं नाही. हे असं चोरून केल्यासारखं वाटतं."

शर्यत चेन्नईकडच्या ट्रॅकवर. पहिल्या वर्षी गिअरची दांडी निखळली, दुसऱ्या तासातच खेळ खलास. दुसऱ्या वर्षी इंजिन तापलं, अर्ध्यात थांबलो. शेजारच्या संघांनी आमच्या गाडीचं नाव ‘चादर’ ठेवलं होतं. आमची शेड चादरींची, ही माहिती इरफानभाईनंच त्यांना पुरवलेली. "क्या मियाँ, आज चद्दर बिछारे क्या?" असं त्यालाच कुणीतरी ऐकवलं तेव्हा तो भडकला. मी म्हटलं, भोग आता. दोन्ही वर्षी शेठ सोलापुरातच होते. लावण्या निघताना पाया पडायची, ते डोक्यावर हात ठेवायचे. तोंडातून शब्द नाही.

तिसऱ्या वर्षी गाडी लोड करताना बघतो तर टेम्पोत पुढच्या सीटवर शेठ बसलेले. का, कसं, कुणी विचारलं नाही. मी माझी पिशवी घेऊन मागं गेलो.

त्या वर्षी गाडी पळाली हो! तासामागून तास, बंद पडायचं नावच घेईना. गाडी थांबली की जॅक लावून उचलायचं काम माझं. इरफानभाई उतरायचा, लावण्या बसायची, पुन्हा इरफानभाई. दुपार कलायला लागली तशी मला ती गाडी चालतेय असं वाटेनासं झालं, ती आपोआप विणली जातेय असं वाटायला लागलं. शेठ आमच्या गाळ्यात मागं खुर्ची टाकून बसले होते, भिंतीकडं तोंड करून.

पाचवा तास संपता संपता लावण्याची गाडी आलीच नाही.

पुढची एक गाडी वळणावर गरकन फिरली आणि आमची तिच्यावर आदळली. वायरलेसवर तिचा आवाज आला, "मी ठीक आहे. आणते." शेठनी तो ऐकला. उठून उभे राहिले, पण पाऊल पुढं पडेना. मी त्यांचा दंड धरला.

गाडी खुरडत आली. पुढचं नाक चेंदामेंदा. नाक दुसरं होतं आमच्याकडं, बदलता येतं. प्रश्न टबाचा. वरून ओरखडा दिसत होता, पण आत थर सुटलेत का, हे कसं कळणार? लावण्या उतरली, खिशातून नाणं काढलं आणि टबावर ठोकायला लागली. थर धड असले तर आवाज टणक येतो, सुटले असले तर बद्द, तडकलेल्या मडक्यासारखा. पण आजूबाजूला गाड्यांचा असा गदारोळ की नाण्याचा आवाज तिला ऐकूच येईना.

दुसरी अडचण इरफानभाईनं सांगितली. एका चालकानं किती वेळ चालवायचं ह्याला मर्यादा असते, आणि त्याची संपली होती. राहिलेला वेळ चालवायचा तर लावण्यानंच. नाहीतर इथंच थांबायचं. "बेटा, बस करेंगे," तो म्हणाला. "बहुत हुआ." ती नाणं हातात धरून उभी राहिली.

तेव्हा शेठ पुढं आले. गुडघे टेकून बसले आणि टबाला गाल लावला. मागाच्या आवाजात बिघाड हुडकताना आम्ही असंच करतो, कानानं नाही, हाडानं ऐकतो. डोळे मिटून त्यांनी हातानं खूण केली: ठोक. ती ठोकत गेली, ते गाल सरकवत गेले. समोरून, बाजूनं, जिथं तिचे पाय येतात तिथं, जिथं तिची छाती येते तिथं. एका जागी थांबले, पुन्हा ठोकायला लावलं. पुन्हा. मग पुढं सरकले. मी नवीन नाक हातात धरून उभा होतो आणि ते बसवायचं का नाही हे मला कुणी सांगत नव्हतं.

शेठ उठले. गालाला काळं लागलेलं.

"धड हाय," म्हणाले.

लावण्या त्यांच्याकडं बघत राहिली.

"माझ्याकडं काय बघतीस?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की मलाही ऐकू आलं. "जा की! बस आत! बसू, नाक लाव!"

मी नाक लावलं. लावताना मी मोठ्यानं शिव्या देत होतो, कुणाला ते आठवत नाही. ती आत बसली तेव्हा पट्टे आवळायला इरफानभाई वाकला, शेठनी त्याला बाजूला सारलं. ते काम त्यांनी कधी केलं नव्हतं. तिनं दाखवलं तसे त्यांनी पट्टे ओढले, ताणा ओढतात तसे, शरीराचा सगळा भार टाकून. "आणखी," ती म्हणाली. त्यांनी आणखी ओढले.

राहिलेला सगळा वेळ शेठ कठड्याला धरून ट्रॅककडं बघत उभे होते. दर फेरीला गाडी समोरून गेली की त्यांचा श्वास सुटलेला मला दिसायचा, आणि वळणाआड गेली की पुन्हा अडकायचा. शर्यत संपल्याचा झेंडा हलला तेव्हा आम्ही खालून मोजलं तर लवकर सापडू अशा नंबरवर होतो. पण पूर्ण केली होती. चादर सहा तास अंथरून दाखवली होती.

गाडी आत आली, इंजिन बंद झालं. लावण्या बाहेर येईना. जवळ जाऊन बघितलं तर स्टिअरिंगवर तिची बोटं आखडून बसलेली, तिला उघडताच येत नव्हती. हेल्मेटच्या आत ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. शेठ वाकले आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागले, तुटलेला धागा गुंत्यातून काढावा तसं, घाई न करता.

"बापू," तिनं विचारलं, "भीती वाटली?"

"वाटणारच की," ते म्हणाले. "आज वाटली, उद्याबी वाटंल. पुढच्या साली तू बसशील तवाबी वाटंल. तू कशाला थांबतीस त्याच्यासाठी?" आणि तिचं शेवटचं बोट सोडवून त्यांनी तो हात आपल्या काळ्या झालेल्या गालावर ठेवून घेतला.